नुसतं ‘जेली द्या’ म्हणू नका: साठीनंतरच्या लैंगिक आरोग्याच्या सामानाची पारख

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या मेडिकलात जाऊन नुसतं ‘जेली द्या’ म्हटलं, तर बहुतेकदा काउंटरवर येते ती लिग्नोकेनची २ टक्क्यांची ट्यूब. लघवीची नळी टाकताना लागते ती. दुकानदाराला तरी काय बोलणार, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की ‘जेली’ म्हणून लोक तीच नेतात. पण साठी उलटलेल्या बाईला संबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे आग होते म्हणून हीच ट्यूब घरी गेली, तर काम बिघडतं. लिग्नोकेन बधिर करतं. एका ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. बाईला दुखलेलं कळत नाही, आधीच पातळ झालेली आतली त्वचा सोलवटते, आणि बधिरपणा उतरल्यावर लघवीला बसलं की जाळ होतो. पुरुषाच्या अंगाला लागलं की त्याचीही जाणीव जाते, ताठरपणा टिकत नाही. मग दोघंही वयाला दोष देतात आणि तो विषय कायमचा बंद होतो.

घरच्या शुश्रूषेच्या सामानाची यादी सगळीकडे जवळपास एकच असते: डायपर, युरिन बॅग, बेडपॅन, हवेची गादी, हातमोजे, पट्ट्या. पाण्यात विरघळणारी साधी जेली त्या यादीत कुठेच नसते. आमच्या मते ती पहिल्या पाच वस्तूंत हवी. म्हातारपणाची शुश्रूषा कमरेपाशी थांबत नाही, आणि आबांना, मायला या बाबतीत काही हवं-नको असेल हे गृहीत धरूनच सामान भरायला हवं. म्हणून इथे त्याच सामानाची पारख केली आहे, जेलीपासून सुरुवात करून.

दुकानात मागताना ‘वॉटर बेस्ड लुब्रिकंट, बधिर न करणारं’ असं पूर्ण म्हणा. बोलायचा संकोच असेल तर कागदावर लिहून द्या. हातात आल्यावर मागचा बारीक मजकूर वाचा. लिग्नोकेन, लिडोकेन, बेन्झोकेन यांतलं काही दिसलं की परत. ‘वॉर्मिंग’, ‘कूलिंग’, सुगंधी, चवीचं असं काही लिहिलं असेल तरी परत. पुदिन्याचा किंवा मिरचीचा अर्क चाळिशीत सोसवतो, सत्तरीत सोसवत नाही. क्लोरहेक्सिडीन असलेली जेली जंतू मारते म्हणून चांगली वाटते, पण योनीतले उपयोगी जिवाणूही तीच मारते. रोजच्या वापराला ती नको.

सगळ्यात जास्त फसगत होते ग्लिसरीनमुळे. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांनी जेली गुळगुळीत होते, पण प्रमाण जास्त झालं की ती त्वचेतलंच पाणी ओढून घेते. त्या वेळेपुरतं बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी जास्त कोरडं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये याबद्दल सूचना काढली होती: ऑस्मोलॅलिटी, म्हणजे जेलीत विरघळलेल्या घटकांची दाटी, ३८० च्या आत असावी, फार तर १२०० पर्यंत चालवून घ्यावी, आणि योनीसाठी पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.५ च्या आसपास असावा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर हा आकडा छापलेला नसतो. तेव्हा सोपी युक्ती अशी, की घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन आलं असेल तर ती मागे ठेवा, आणि पाण्यानंतर सेल्युलोज किंवा हायलुरोनिक ॲसिड आलं असेल तर ती घ्या. साखर असलेल्या बाईला वरचेवर बुरशीची खाज सुटत असेल तर तिच्यासाठी बिनग्लिसरीनचीच बघा.

सोनोग्राफीची जेली लिटरच्या हिशेबाने मिळते म्हणून काही घरी तीच आणतात. ती पोटाच्या कातडीवर लावायची आहे, आत घालायची नाही. व्हॅसलीन आत चिकटून राहतं आणि जंतूंना आसरा होतं. खोबरेल तेलाबद्दल आमचं मत एवढं वाईट नाही. कंडोम वापरायचा नसेल आणि खाज-स्राव काही नसेल, तर स्वच्छ तेल बाहेरच्या बाजूला चालतं. कंडोम असेल तर मात्र तेलाचा थेंबही नको. लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं आणि फाटल्याचं कळतही नाही.

वापर असा. नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस थांबा. लालसरपणा आला नाही तर पुढे. संबंधाच्या वेळी साधारण एक चमचा, म्हणजे ५ मिली, दोघांनीही लावायची. लोक वाटाण्याएवढी लावतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. पाण्याची जेली वाळते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेलेला असतो, वर पंखा किंवा कूलर. पाच-सात मिनिटांत ती चिकट होते. अशा वेळी नवी ओतण्याआधी बोटं ओली करून फिरवा, वाळलेली जेली पाण्याने पुन्हा मोकळी होते. शेजारी पाण्याची वाटी आणि जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवली की पुरे. सिलिकॉनची जेली वाळत नाही, कंडोमलाही चालते, पण चादरीवरून आणि फरशीवरून जात नाही. पडायची भीती असलेल्या घरात फरशीवरचा सिलिकॉनचा थेंब म्हणजे मोडलेला खुबा, त्यामुळे आम्ही ती सुचवत नाही.

आता क्रीम. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं, योनीची त्वचा पातळ पडते, पीएच साडेचारच्या खालून पाचच्या वर जातो, आणि लघवीची जागा शेजारीच असल्याने तिलाही त्रास होतो. सतत लघवी लागणं, जळजळ, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन. ‘आग व्हस’ एवढंच सांगून माय गप्प बसते आणि घरचे जिऱ्याचं पाणी देत राहतात. जेली त्या वेळेपुरती सोय करते, मूळ दुखण्याला इस्ट्रिऑलचं क्रीम लागतं. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचं. एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेलं क्रीम साधारणपणे अर्धा ग्रॅम रोज रात्री असं दोन-तीन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा, अशा बेताने देतात.

ट्यूबसोबत प्लास्टिकची नळी येते, तिच्यावर खूण असते. खुणेपर्यंतच भरायची, पूर्ण भरली तर कपड्यावर येतं आणि मात्राही जास्त होते. झोपण्यापूर्वी, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, नळी वर नाही तर कमरेच्या मणक्याच्या दिशेने हळू सरकवायची. हाताला कंप असेल किंवा सांधे वाकडे झाले असतील तर सेविकेने हातमोजा घालून लावावं, मात्र दर वेळी विचारून. नळी कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची. उकळली की वाकडी होते, मग दट्ट्या अडकतो.

या क्रीमबाबत तीन चुका कायम दिसतात. पहिली म्हणजे संबंधाच्या आधी जेली म्हणून तेच लावणं. त्याने बाईचं नीट काम होत नाही आणि हार्मोन पुरुषाच्या अंगाला लागतं. दुसरी, पहिल्या चार-पाच दिवसांत थोडं चुरचुरलं म्हणून बंद करणं. त्वचा सुधारायला काही आठवडे लागतात, तोवर चुरचुरणं कमी होत जातं. तिसरी सगळ्यात गंभीर आहे. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्ताचा डाग दिसला, तर क्रीम आणायला मेडिकलात जायचं नाही, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. तो डाग गर्भाशयाच्या कर्करोगाचाही असू शकतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईनेही आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे क्रीम लावू नये.

कपाशीच्या वेचणीत, डोक्यावरच्या भाऱ्यात आयुष्य गेलेल्या बायकांमध्ये ‘आंग बाहेर येस’ ही तक्रार फार. मायांग बाहेर येतं म्हणून संबंध बंद, चालणं अवघड, आणि पिशवी काढण्याशिवाय इलाज नाही असा समज. ऑपरेशन झेपण्यासारखं नसेल तर रिंग पेसरी हा चांगला इलाज आहे. सिलिकॉनची कडी असते, मापाप्रमाणे बसवतात. बसवल्यावर लगेच घरी निघायचं नाही: उभं राहा, खोका, उकिडवं बसा, लघवी करून या. कडी घसरली किंवा लघवी अडली तर माप चुकलं. साधी कडी आत असताना संबंध ठेवता येतो. देठ असलेली किंवा मेदूवड्यासारखी जाड असेल तर नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी काढून, धुऊन, आतली त्वचा तपासून घ्यायची. कडी घालून दोन वर्षं विसरून गेलेल्या बाईच्या आत जखम होते, कधी कधी मांस कडीवर वाढतं. घाण वास किंवा रक्त आलं तर तारखेची वाट बघायची नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत; तिथल्या स्त्रीरोग विभागात याची चौकशी करा.

कंडोमबद्दल थोडक्यात. गर्भाची भीती गेली म्हणून तो सुटतो, पण पातळ त्वचेला बारीक चिरा पडतात आणि संसर्ग तिथूनच शिरतो. विधुर झाल्यावर नवं नातं जुळलेल्या माणसाला याची गरज तरुणापेक्षा कमी नाही. पत्र्याच्या टपरीत, काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून टांगलेली पाकिटं आपल्याकडच्या उन्हाळ्यात घेऊ नका. लॅटेक्सला तीस अंशांच्या आतली जागा लागते. पाकीट दाबल्यावर आत हवेची उशी जाणवली पाहिजे. सरकारी दवाखान्यात निरोध मोफत मिळतो, एचआयव्हीची तपासणीही मोफत आहे आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक.

पुरुषांच्या ताठरपणाच्या गोळीकडे वळताना आधी एक गोष्ट: ताठरपणा कमी होणं हे पुष्कळदा रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची खूण असते. साखर, रक्तदाब, छाती तपासल्याशिवाय गोळी घेतली तर खूण झाकली जाते. सिल्डेनाफिलची सुरुवात पासष्टीच्या पुढे २५ मिलिग्रॅमपासून करतात, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळायला नको. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी चालू असेल, तर ही अजिबात नाही. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब असा कोसळतो की माणूस हाती लागत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास, त्याच जातीची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. म्हणून रात्री छातीत दुखलं तर लाज बाजूला ठेवून दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगायचं, की अमुक वाजता ही गोळी घेतली आहे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन चालू असेल तर उठताना घेरी येते, दोन गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गोळी तासभर आधी घ्यायची, आणि तेलकट जेवणानंतर ती उशिरा लागू पडते. हिवाळ्यात भरीत-पार्टी, वर तर्रीदार शेवभाजी, आणि मग ‘गोळी लागलीच नाही’ म्हणून दुसरी. हा दुसरा डोस धोक्याचा. ताठरपणा चार तासांच्या वर राहिला तर दवाखाना गाठायचाच. रस्त्याकडेच्या तंबूतली ‘शक्तीची’ चूर्णं आणि कॅप्सूल आम्ही पूर्ण नापसंत करतो. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि आबांच्या खिशात सॉर्बिट्रेट आहे हे विकणाऱ्याला माहीत नसतं. आणखी एक: साखरेवरची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि दोघांनाही बुरशीची खाज येऊ शकते. तिला गुप्तरोग समजून घरात भांडण होतं. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं पुसणं आणि डॉक्टरांना कळवणं, एवढ्याने बहुधा सुटतं.

लघवीची नळी असलेल्या माणसाचा संबंध संपला, असं नळी टाकणारे सांगत नाहीत, पण घरचे तसंच समजतात. पुरुषाची नळी अंगाच्या बाजूने मागे दुमडून वरून कंडोम चढवता येतो. बाईची नळी पोटावर किंवा मांडीवर चिकटपट्टीने बाजूला लावतात. आधी पिशवी रिकामी करायची, ती मूत्राशयाच्या खालीच ठेवायची, आणि झाल्यावर नळीला पीळ नाही ना हे बघायचं. फुगा फुगवलेली नळी ओढली गेली तर मूत्रमार्ग फाटतो. डॉक्टरांना विचारून बेंबीखालून टाकलेली नळी हा जास्त सोयीचा पर्याय होऊ शकतो. कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर कंडोमसारखं चढवून लघवीच्या पिशवीला जोडायचं आवरण, असेल तर रोज बदलायचं, टोकाशी एक-दोन सेंटिमीटर जागा सोडायची, आणि वरून साधी चिकटपट्टी गोल गुंडाळायची नाही. गोल पट्टी रात्रीत आवळते आणि कातडी काळी पडते.

स्नान घालताना सगळ्यात मोठी चूक एका छोट्या गोष्टीत होते. पुरुषाची पुढची कातडी मागे सरकवून धुतली की ती परत पुढे आणलीच पाहिजे. तशीच मागे राहिली तर तासाभरात टोक सुजायला लागतं, कातडी पुढे येत नाही, आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. नवख्या सेविकेला पहिल्याच दिवशी हे शिकवा. बाईला पुढून मागे धुवायचं, कोमट साध्या पाण्याने. डेटॉल, सॅव्हलॉन, ‘इंटिमेट वॉश’, यांतलं काही नको.

राहिली घरी येणारी सेविका, म्हणजे या सगळ्यातली खरी ‘सेवा’. बारा तासांची, चोवीस तासांची माणसं पुरवणाऱ्या एजन्सी आता तालुक्याच्या गावीही आहेत. अंघोळ, गोळ्या, डायपर यांत बऱ्याच जणी तयार असतात, पण दार वाजवून आत येण्यात बहुतेक सगळ्या नापास. ठरवतानाच विचारा: दार बंद असेल तर काय करता? ‘मेलं तर नाही ना बघायला उघडते’ असं उत्तर आलं तर नियम तुम्ही घालून द्या. दार वाजवायचं, हाक मारायची, ‘आबा, येऊ का?’, उत्तराला थांबायचं. दुपारी तास-दीड तास सेविकेने ओसरीत बसावं, हेही वेळापत्रकात लिहा. दुपार म्हणण्याचं कारण आहे: सकाळी सांधे आखडलेले असतात, रात्री दमणूक असते. गुडघे दुखत असतील तर पाऊण तास आधी पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची अंघोळ, कंपवात असेल तर औषधाचा असर चालू असलेली वेळ. हार्ट अटॅकनंतर दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर बहुधा संबंधही झेपतो. तरी डॉक्टरांना विचारून. खुबा बदलला असेल तर सर्जनने परवानगी दिल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, आणि खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही.

विसरभोळेपणाचा आजार असलेले आबा धोतर सोडतात, हात घालतात, म्हणून सेविका काम सोडून जातात. आधी बघायचं ते ओला डायपर, घामोळं, बुरशीची खाज, लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेलं पोट. खूप वेळा मूळ तिथेच असतं. तसं नसेल आणि माणूस स्वतःच्या अंगाशी खेळत असेल, तर ओरडायचं नाही, पांघरूण घालायचं, दार लोटायचं. सेविकेच्या अंगाला हात लावला तर तिने हात बाजूला करून सरळ सांगायचं, ‘आबा, मी नर्स आहे, हे चालणार नाही,’ आणि वेळ, प्रसंग वहीत लिहायचा. घरच्यांनी तिच्या तक्रारीवर हसायचं नाही. पुढच्या वेळी पुरुष मदतनीस किंवा दुसरं कुणी सोबत.

जोडीदाराचंही तेच. आजार झालेल्या बाईला नवरा ओळखू येतो का, ती जवळ जाते की अंग आखडते, तोंड फिरवते, हे रोज बघावं लागतं. कालचा होकार आज धरायचा नाही. जबरदस्ती दिसली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

भाड्याने आणलेल्या खाटेबद्दलही बोलायला हवं. ती एका माणसाची, तीन फुटांची असते, दोन्हीकडे कठडे असलेली. चाळीस वर्षं एका अंथरुणावर झोपलेल्या जोडप्यातलं एक तिच्यावर जातं आणि दुसरं खाली सतरंजीवर. भाड्याने घेतानाच उंची खालीवर होणारी खाट मागा, दिवाणाच्या उंचीला आणा, एका बाजूचा कठडा उतरवा, दोन्ही एकमेकांना लावून पायांना दोरीने बांधा, चाकांचे ब्रेक दाबा. मधल्या फटीत गोधडीची घट्ट गुंडाळी. हवेच्या गादीची कड घसरते, म्हणून तिच्यावर सुती चादर खोचून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि एजन्सीच्या माणसाला सांगितलं तर तो पहिल्याच दिवशी करून देतो.